दवाखाना चालू ठेवा, आई
…नाही, मला सांगा, पोटची पोर न सांगता चहा करते, कप हातात आणून देते आणि गोड आवाजात म्हणते, ‘आई, दहा मिनिटं आहेत का तुझ्याकडे?’, तर संशय येणार नाही? मला आलाच. म्हटलं, ही एक तर नापास झालीय, नाही तर लग्न ठरवून आलीय…

तसलं काही नव्हतं. ती समाजकार्याच्या कॉलेजात शिकते ना, तिथल्या बाईंनी सांगितलेलं, पुढाऱ्यांकडे मागणी घेऊन जायचंय, तर आधी घरी सराव करा. घरातलं सगळ्यात हट्टी माणूस पुढारी म्हणून बसवा आणि त्याला पटवा. आता सासूबाई घरात असताना ही माझ्याकडे का आली? संशय येणारच.

आणि मागणी कसली, तर कोपऱ्यावरचा संध्याकाळचा दवाखाना बंद करू नका. अहो, मी शिवणाच्या कारखान्यातून सुटते संध्याकाळी, सासूबाईंच्या पायाची पट्टी बदलायची ती तिथेच. तो बंद झाला तर मला कामच सोडावं लागेल. आणि मलाच म्हणते, ‘तू नाही म्हणत राहा.’

म्हटलं मग नाही. ‘सकाळी का जात नाही? तुम्हाला कोणी पाठवलं?’ पोरगी रडकुंडीला आली. मैत्रिणीला घेऊन आली, ती घडाघडा पाठ केलेलं बोलली, तिलाही वाटेला लावलं. आतून सासूबाई, ‘अगं, हो म्हण की. पाय माझा आहे.’

शेवटी पोरी खऱ्या पुढाऱ्याकडे निघाल्या, मलाही नेलं. साहेबांनी काय करावं? पोरीचं पहिलं वाक्य संपायच्या आत म्हणाले, ‘पटलं. दवाखाना चालू राहील.’ पोरी खूश, आणि मला… संशय. इतक्या लवकर कोणाला काही पटतं का हो? विचारलं, ‘कधीपर्यंत, साहेब?’ ‘सध्या तरी चालू आहे.’ ‘सध्या म्हणजे?’ लेकीने कोपर मारलं. मी हलले नाही. ‘आणि डॉक्टर? का नुसतं दार उघडं ठेवणार?’ साहेबांचं हसू गेलं, त्यांनी फोन लावला, आणि वर्षभर डॉक्टरसकट चालू राहील असं सगळ्यांसमोर बोलले.

चालू आहे हो. पण मन मानत नाही ना… पट्टी नसली तरी संध्याकाळी चपला घालते, जाऊन दारातून डोकावते. परवा डॉक्टरच बाहेर आले, हळूच म्हणाले, ‘बाई, रोज येऊन बघता, तुम्हाला काही कळलंय का? आमचा दवाखाना बंद होणार आहे का?’

आता त्यांनाही संशय.