दोन फ्री थ्रो

आठ वर्षं मी पगार घेऊन बास्केटबॉल खेळलो, राव. गुडघा गेला म्हणून कोच झालो असं सगळ्यांना सांगतो. खरं तर गुडघ्याच्या आधीच खेळ गेला होता.

आता पुनावळ्याच्या मुलींना शिकवतो. परवा पिंपरीत फायनल होती. आम्ही एका गुणाने मागे, चार सेकंद उरलेले आणि आमच्या वैष्णवीला दोन फ्री थ्रो मिळाले. तेवढ्यात समोरच्यांनी टाइमआउट घेतला. पोरगी माझ्याकडे आली.

"सर, अशा टायमाला तुमी काय करायचा?"

काहीतरी भारी बोलणार होतो, पण तोंडातून खरं तेच निघालं. "चुकवायचो."

"दोन्ही?"

"दोन्ही. मग घरी जाऊन जेवायचो."

ती खुदकन हसली, गेली आणि तिने दोन्ही बॉल बास्केटमध्ये टाकले. आम्ही जिंकलो.

बक्षीस देताना पाहुण्यांनी माइकवर वैष्णवीला विचारलं, "सरांनी काय कानमंत्र दिला?"

"काय न्हाई. सर म्हनले, माझ्यासारखं करू नको."

अरे, मी असं म्हणालोच नव्हतो! पण नाही कसं म्हणणार? सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं आणि माझी बायको तर उभी राहून.