देव्हाऱ्यातलं निळं चित्र

शिवरंजनी : आत्या, ते चित्र आधी देव्हाऱ्यातनं काढा.

रुद्रम्मा : हात लावू नगंस रंजे. एसटीतनं उतरलीस ती थेट देवापाशी. पाय तरी धू.

शिवरंजनी : धुते. पण त्याला विभूती कुणी लावली?

रुद्रम्मा : म्या लावली, दुसरं कोन लावणार? रुद्रेशनं लोहारा गावातल्या दुकानात रंगीत काढलं, वर प्लास्टिक चढवून आणलं. ऑनलाईन सेंटर आपलंच हाय, लोकांची आधार कार्डं चढवतो तसं हे चढवलं. उमादेवीच्या पोटातल्या बाळाचं हाय म्हनल्यावर फळीवर टाकून देऊ व्हय?

शिवरंजनी : आपल्या बाळाचं आहे, असं दाजी म्हणाले?

रुद्रम्मा : व्हय. लई नीट समजावलं पोरानं. आपल्या गेलेल्या शिवप्रियाच्या अंगात जे बिघडलं होतं, ते प्रथिन का काय, त्येचं चित्र. दुनियेतल्या सगळ्या प्रथिनांची चित्रं आता कंप्यूटरवर हायत म्हणं, कुणीबी बघावी. निळं असलं की कंप्यूटरची खात्री, नारिंगी असलं की त्येला शंका. बघ की, समदं निळं हाय. शेपटापाशी तेवढं नारिंगी. तिथं म्या रोज जास्तीची विभूती लावते.

शिवरंजनी : निळ्या-नारिंगीचं बरोबर आहे. पण आत्या, हे आपल्या बाळाचं नाही. कुणाच्याच बाळाचं नाही. निरोगी माणसात हे प्रथिन कसं असेल, याचा कंप्यूटरनं बांधलेला अंदाज आहे हा. शाळेच्या भिंतीवर हृदयाचा तक्ता असतो ना, तो काय कुणा एकाच्या हृदयाचा असतो?

रुद्रम्मा : तू भ्या घालायला आलीस काय गं?

शिवरंजनी : मी ताईसंगं उद्या सोलापूरला जायला आले. आणि एसटीत बसल्यावर दाजींचा फोन. गाडी नको म्हणून सांगितलं, दवाखान्यात पण येत नाही म्हणून कळवलं.

रुद्रम्मा : म्याच कळवायला लावलं. चित्र चांगलं आल्यावर सुई कशाला? पोटातनं आत, बाळाच्या पाण्यात घालतेत. बाळाला लागली म्हंजे?

शिवरंजनी : सोनोग्राफीत बघत बघत घालतात. धोका थोडा असतो, नाही म्हणत नाही मी. पण ताईला पाचवा लागलाय. आणखी थांबलो तर कळून पण हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर तुमच्यासमोर बोलले होते.

रुद्रम्मा : त्या टायमाला म्या ऐकतच नव्हते. त्येंच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलांकडं बघत बसले होते.

शिवरंजनी : मी दवाखान्यात फोन केलाय. आपली वेळ अजून कुणाला दिली नाही त्यांनी. दिवेलागणीपर्यंत कळवा म्हणाले.

रुद्रम्मा : तुला कुणी सांगितलं होतं फोन करायला? शिकायला लातूरला ठिवली म्हंजे काय घरातली थोर झालीस?

शिवरंजनी : आत्या, शिवप्रियाला मी पण मांडीवर घेतलंय. मान धरत नव्हती ती. झटका आला की तिचे डोळे कसे वर जायचे, ते अजून माझ्या डोळ्यापुढं येतं.

रुद्रम्मा : नाव काढू नगंस तिचं. दिवा लावायची वेळ हाय.

शिवरंजनी : बरं, नाही काढत. पण कसं झालं ते तरी ऐका. आजोबांकडनं एक बिघाड आला. तो तुमच्याकडनं दाजींकडं गेला, आमच्या बाबांकडनं ताईकडं. एकेकटा होता तोवर कुणाला काही झालं नाही. दोन्हीकडनं आला तेव्हा...

रुद्रम्मा : सांग, सांग. भावाची पोरगी म्याच मागून आणली. गावात कुणी न्हाय करत व्हय? मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. तुझ्या बापानं, शंभुलिंगनं तरी कुठं न्हाय म्हनलं?

शिवरंजनी : तुम्हाला दोष देत नाही मी.

रुद्रम्मा : तू न्हाय देत. म्या दळायला गेले की गिरणीत बाया गप होतेत. हे चित्र आलं आन मला वाटलं, सुटले. गेलेल्या पोरीला ते तसलं काय न्हवतं, डॉक्टरचंच चुकलं. तवापासनं दोन घास गिळतेत बघ मला.

शिवरंजनी : कळतंय मला.

रुद्रम्मा : न्हाय कळत. आन हे बी ऐक. प्रथिन म्हंजे अक्षरांची माळ म्हणं, त्यात रुद्रेशनं आपलं बिघडलेलं अक्षर घालून पुन्हा काढलं होतं. तरी हुबेहूब असंच आलं, निळंच्या निळं. मग ते कुणाचं म्हनायचं? आपलंच की.

शिवरंजनी : मला भीती त्याचीच आहे. तो कंप्यूटर चांगली प्रथिनं बघून बघून शिकलाय. एखादं अक्षर बदललं तरी तो बहुतेक वेळा तसंच चांगलं चित्र काढून देतो. आतनं ते तग धरेल की नाही, ते त्याला सांगता येत नाही. आत्या, भूकंपानंतर सास्तूरला ही घरं बांधली, तेव्हा नकाशा कसला होता?

रुद्रम्मा : समद्यांना एकच. दोन खोल्या, पुढं पडवी.

शिवरंजनी : आणि सगळी घरं सारखी निघाली?

रुद्रम्मा : कुठली? पलीकडच्या आळीला मुकादमानं सिमिटात हात मारला. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला हात जाईल एवढ्या भेगा. बलभीमाच्या घरची अजून पाऊस आला की भिंत पडंल या भ्यानं बाहेर निजतेत.

शिवरंजनी : सिमिट कमी पडलं म्हणून नकाशा बदलला का?

रुद्रम्मा : नकाशा कशाला बदलंल? नकाशा तसाच ऱ्हातो.

शिवरंजनी : हे चित्र तो नकाशा आहे, आत्या.

रुद्रम्मा : म्हंजे भिंत कशी हाय, ते कुणालाच म्हाईत न्हाय.

शिवरंजनी : उद्या सुई घातली तरच कळेल. चारातली तीन बाळं ठीक निघतात, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

रुद्रम्मा : आन चौथं?

(आतल्या खोलीतून उमादेवी पोटावर हात धरून बाहेर येते.)

उमादेवी : रंजू, हळू बोल. सगळं ऐकू येतंय आत.

शिवरंजनी : ताई, तू झोपली असशील असं वाटलं.

उमादेवी : मला झोप कुठली? आत्या, ते चित्र आपलं नाही, हे मला ठाऊक होतं.

रुद्रम्मा : काय म्हनतीस?

उमादेवी : यांना पण ठाऊक होतं. चित्राच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, हा अंदाज आहे, यावरनं दवापाण्याचं काही ठरवू नका म्हणून. प्लास्टिक चढवायच्या आधी यांनी ती पट्टी कात्रीनं कापली. मी समोर बसले होते.

शिवरंजनी : आणि तू काहीच बोलली नाहीस?

उमादेवी : आत्या चार दिवस जेवल्या नव्हत्या. पहाटे अंगणात जाऊन बसायच्या. हे म्हणाले, आईला जरा बरं वाटू दे, दवाखान्याचं बघू नंतर. मी पण व्हय म्हणले. खरं सांगू, मला पण ते बघायला बरं वाटायचं. तुम्ही विभूती लावून आत गेल्या की मी येऊन बघायची. काल पोटात हललं, तेव्हा मी त्या चित्राकडंच बघत होते.

रुद्रम्मा : हललं? मला न्हाय सांगितलंस.

उमादेवी : तुम्हाला आनंद झाला असता. मग उद्या काय सांगायचं तुम्हाला, म्हणून गप बसले.

रुद्रम्मा : यव्वा... एका घरात तिघं तीन कोपऱ्यात भीत बसलो.

शिवरंजनी : ताई, जायचं की नाही, ते तू सांग. पोट तुझं आहे.

उमादेवी : मला सुईचं भ्या वाटतं. त्याच्या पुढच्या गोष्टीचं त्याहून जास्त वाटतं. पण शिवप्रियासारखं आठ महिने मांडीवर घेऊन बसायचं आणि आपण मागंच तपासून बघू शकलो असतो असं म्हणत बसायचं, ते माझ्यानं होणार नाही. मला जायचंय आत्या. तुम्ही नको म्हणलात तर मात्र पाय निघणार नाही माझा.

रुद्रम्मा : वाईट निघालं तर ते इचारतील, आता काय करायचं म्हणून. त्येचं उत्तर माझ्यापाशी न्हाय बाई.

उमादेवी : माझ्यापाशी पण नाही.

रुद्रम्मा : रंजे, लाव तुझ्या दवाखान्याला फोन. येतो म्हनावं. आन रुद्रेशला सांग, गाडीवाल्याला परत बोलीव. त्या कात्रीचं म्या त्येला काय बोलणार न्हाय, तेबी सांग.

शिवरंजनी : लावते. चित्र काढून ठेवू का आता?

रुद्रम्मा : कुणाचं म्हनलीस ते?

शिवरंजनी : कुठल्याही निरोगी लेकराचं.

रुद्रम्मा : मग असू दे. कुणाचं तरी लेकरू हाय, त्येला कशाला उठवायचं?

उमादेवी : आत्या, उद्या सुईच्या वेळी आत येताल का?

रुद्रम्मा : येऊ दिलं तर येते. पण म्या डोळे मिटून घेईन, आताच सांगते.

उमादेवी : मी पण मिटणार आहे.

रुद्रम्मा : मग हात कसा सापडंल? आत्तापासनंच धर.