चिक्कूच्या दोनशे दहा अंघोळी

हॅलो?… हौ मेधा, बोल. त्रिवेणीच बोलतेय, तुझ्या कुत्र्यामागे पळणारी दुसरी कोण आहे इथे?…

पाहिलास ना फोटो… हो, पाठीवरचे केस गेलेत. मांड्यांवरचेपण… अगं ओरडू नकोस, आधीच डोकं उठलंय. विद्यानगरच्या डॉक्टरांकडून आत्ता येतेय. ऑटोत सारा रस्ता माझ्या मांडीवर. तीस किलोचं बाळ!

खरूज? नाही, नाही… अगं ऐक ना. अंघोळीनं झालंय… अंघोळीनंच! रोज व्हायची… मी नाही बाई, सासूबाई. चिक्कू देवघरासमोरून फिरतो ना, म्हणून सकाळी आधी स्वतःची, मग त्याची. शिकेकाई लावून. तू त्याला इथे ठेवून गेल्यापासून सात महिने, म्हणजे दोनशे दहा अंघोळी. आमच्या तेजस कार्ट्याच्या दोन वर्षांत होत नाहीत एवढ्या.

डॉक्टर? आधी हसले. मग म्हणाले, या आखूड केसांच्या शिकारी कुत्र्यांच्या अंगाला स्वतःचं तेल असतं, तेच तुम्ही धुऊन काढलंत. दीड-दोन महिन्यांतून एक अंघोळ, बस. मधे रबरी ब्रशनं गळते केस काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचं, कान कोरडे ठेवायचे…

रविवारी? न्यायला?… आणि ठेवणार कुठे? तुझ्या बेंगळूरूच्या घरमालकाला तर कुत्रं खपत नाही… कुत्र्यांच्या हॉस्टेलात! पिंजऱ्यात, म्हण ना सरळ… हो, थकलेय मी. रोज वरणात त्याचा एक केस असतोच. पण मामंजी गेल्यापासून सासूबाई मोकळेपणी बोलतात कुणाशी, सांग? अंघोळ घालताना अख्ख्या बरकतपुऱ्याची खबरबात त्याच्या कानावर.

सांगितलं ना त्यांना… हीच तर परेशानी आहे. “बिनअंघोळीचा आत येणार नाही,” म्हणाल्या. उंबऱ्यात उभ्या आहेत, आम्ही दोघं पायरीवर… आता त्यांनी गच्चीवर बांधायला सांगितलं, तर खुशाल घेऊन जा. मी नाही अडवणार.

थांब… काय आई?… हो, मलम दोन महिने… हो, आजारीच म्हणायचा.

तुला नाही गं. आत गेल्या… देवघरात काहीतरी खुडबुडताहेत… अगं बाई, गंगेचा गडू! मामंजींसाठी फोडलेला, त्यातलं उरलेलं… तुळशीच्या पानानं त्याच्या डोक्यावर शिंपडताहेत… हो, खरंच! आजाऱ्याला अंघोळ माफ असते ना, तशी. मामंजींना शेवटी असंच करायच्या…

गेला. हौ, आत गेला… देवासमोरच पसरलाय, निर्लज्ज.

रडतेस काय, वेडे? ते हॉस्टेल रद्द कर आधी. ये रविवारी, पण न्यायला नको, भेटायला ये…

मी? मी अजून पायरीवरच… काय आई?… अहो, माझ्यावरपण शिंपडा की चार थेंब!… बरं. बरं.

ऐकलंस? मी ठणठणीत आहे म्हणे. कुत्र्याला मांडीवर घेऊन आलेय, मागच्या दारानं न्हाणीत जायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मगच आत… ठेवते.