कतल्याला आवडलेले लाडू

धुरपताबाईचा जावई मोठा गुणाचा. दर हिवाळ्यात सासूच्या हातचे जवसाचे लाडू हट्टानं मागून घ्यायचा, आणि डबा कधी रिकामा परत पाठवायचा नाही, मासोळी भरून पाठवायचा. यंदाचा डबा मांडीवर घेऊन ती कोहमाऱ्याला नवेगाव बांधच्या बसची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर दोघे गडी येऊन टेकले. एकाच्या पोत्यातून भल्यामोठ्या कतला माशाचं शेपूट बाहेर आलं होतं.

“जागेश्वर, इतक्या थंडीत लागला कसा गा? मी पहाटपासून गांडूळ लावून बसलो, एकानं हुंगलं नाही.”

“थंडीत मासोळी खोल जाऊन बसते. ऊन चढू द्यावं लागते, मंग गळ खोल सोडावा लागते. आन् चारा गोड पाहिजे.”

“कायचा लावला?”

“बायकोच्या जवसाच्या लाडवाचा.”

“अबे! खाऊन तरी पाह्यचा!”

“पाह्यला ना! दाढ अजून हालून राहिली. सरकीच्या ढेपेचा गोळा पाण्यात लगेच विरघळते, हा दुपारभर गळाले चिकटून राहते... थांब, तिचाच फोन. हो वं, सारे संपले! आवडले म्हणजे? तुटून पडले सारे! कर ना, उद्या आणखी कर!”

धुरपताबाईनं डबा उघडला. एक लाडू दाताखाली धरला. कट्ट आवाज झाला.

गाल चोळत ती बाकावरून पुढे सरकली.

“भाऊ, कतल्याले गूळ आणखी जास्त लागते का गा?”