माळ्यावरचा बांबू

कळव्याच्या धक्क्यावर होडीची वाट पाहणाऱ्या भागीरथीला शेजारच्या बाईच्या टाचेवर मिठाची पांढरी रेघ दिसली. भरतीचं पाणी पायरीवर चढलं, तशी ती रेघ खालून विरत गेली. बाईसोबत तिचा थोरला भाऊ होता; दोघांचं बोलणं भागीरथीच्या कानावर पडत होतं.

"दादा, ठाण्याच्या वकिलाला सांगायचं काय?"

"बाबांचं मृत्युपत्र सापडत नाही, हेच."

"नवरा गेल्यापासून मिठागरात मी राबतेय. ते माझ्या नावावर लिहिलंय, असं बाबा मला म्हणालेले."

"लिहिलं तर ठेवलं कुठं? पेट्या झाल्या, देव्हारा झाला."

"माळ्यावरच्या बांबूत. वाळवी लागू नये म्हणून तोंड मेणानं बुजवलेलं."

"हे आज सांगतेस, सगुणे?"

"तू कधी विचारलंस? तुला वाटलं, बाई खोटं बोलते."

"अगं, माळ्यावर आता बांबू कुठायत?"

"दोन होते की!"

"बाबा गेले त्या दिवशी धो धो पाऊस. नवे तोडायला बांबूच्या बेटात कोण शिरणार? तिरडीला मीच ते काढून दिले."

"आणि मेण?"

"दिसलेलं. वाटलं, भुंगे शिरू नयेत म्हणून लावलं असेल."

"म्हणजे कागद बाबांबरोबरच जळला?"

"जळला की नव्हताच, कसं कळणार? लिहून देणारे दामाजीही पटकीच्या साथीत गेले."

"मग जा वर, बाबांनाच विचार!"

होडी धक्क्याला लागली.

"कागद हाती आला असता, तर मानला असतास का, दादा?"

"चल, बस होडीत. मेण मी पाहिलंय. वकिलाला सांगतो, मिठागर सगुणाचं."