घड्याळाच्या पेटीतले बोंबील

त्या दिवशी ऊन एवढं कडक होतं, की करंजाच्या बंदरावर वाळत घातलेले बोंबील दुपारीच कडकडीत झाले होते. तिथल्या हिराबाईकडे माणसाहून उंच, लंबकाचं जुनं घड्याळ आहे असं कळलं, म्हणून मी पनवेलहून गेलो होतो. मला या उभ्या घड्याळांचं वेड. घरात तीन आहेत, पण असं देखणं कधी बघितलं नव्हतं. त्याचा टोल पडला, तर अंगावर काटा आला.

आणि भाव उतरावा म्हणून मी तोंड वाकडं केलं. म्हटलं, "बाई, यंत्र झिजलंय, लाकूड किडकं आहे. हे काही कामाचं नाही." उठून चालू लागलो. वाटलं, मागून हाक येईल. आली नाही. म्हटलं, येऊ पुढच्या रविवारी, घाई कसली?

रविवारी बघतो, तर घड्याळाची पेटी ओटीवर आडवी टाकलेली आणि तिच्यात बोंबील भरलेले.

"यंत्र कुठाय?"

"भंगारवाल्याला दिलं," हिराबाई म्हणाली. "तुमी जाणकार मानूस, तुमी सांगितलं म्हणून बरं झालं. नायतर आमी उगाच जपत बसलो व्हतो. थांबा, थोडे बोंबील घेऊन जा."

मला नाही म्हणवेना. पिशवी घेऊन घरी आलो. शेजारचा पांडुरंग दारातच बसला होता. त्याला सगळं सांगितलं. तो पिशवीत डोकावून म्हणाला, "तात्या, तुमच्या या तोंडानं खोटं बोलायचं नसतं हो. लोकांना खरं वाटतं."