आंगोळीचं पानी

आमी मूळचे उत्तनकडचे कोळी. बाप नाखवा, आजा नाखवा, न् मी चालायच्या आदी पव्हायला शिकलो आसं माजी आयस सांगायची, खरं-खोटं तिलाच ठावं. घरची होडी व्हती, मोठा भाऊ, मी न् दोन खलाशी. आता तुमी म्हनाल, ह्या भाईंदर पूर्वेच्या खोलीत, खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगचे पाईप दिसतात फकस्त, हितं कोळ्यानं काय करायचं? त्येच सांगतोय.

गांजा होडीवर सगळेच ओढायचे आसं न्हाय बोलनार, पन मी ओढायचो, रोज, सकाळी उठल्यावर, जाळं टाकल्यावर, जाळं वडून झाल्यावर. भूक लागते, पोट शांत ऱ्हातं, आसं आमी समजायचो. काय सांगू तुमाला, लय वर्सं त्याचा काय तरास झाला पन न्हाय. मंग एक दिवस होडीवर मळमळायला लागलं, ओकारी सुरू झाली ती थांबेच ना, पोट आसं पिळायचं का पानी पन ऱ्हायना. कोळ्याचा मानूस न् होडीवर ओकतोय! खलाशी हसले, आरं, मुंबईच्या पाव्हन्यासारकी ह्याला बोट लागली. भावानं तोंड फिरवून जाळं वडायला घेतलं, त्येच मना जास्ती लागलं. मंग परत झालं, परत झालं, तवा भाऊ बोलला, दर्या कोपलाय तुज्यावर, तू किनाऱ्यावर ऱ्हा. न् मी ऐकलं, कारन मना पन तसंच वाटत व्हतं.

माजी बायको कमळ, ती भडकली दर्यावरच. नारळी पुनवेला सगळ्या बायका नटूनथटून नारळ घिऊन निघाल्या, तर ही दारात बसून. बोलली, ज्यानं माज्या मानसाला पिळून टाकला त्याला मी नारळ देनार न्हाय. आयस रडली, शेजारनी बोलल्या, आगं कोळ्याची बाय तू, आसं करू नको. न्हायच उठली. त्या पुनवेपासून आमच्या घरचा नारळ बंद. मंग गाव सोडून हितं आलो, मी एका बिल्डिंगीत वॉचमन, ती मीरा रोडला पाटी घिऊन मासळी विकायची.

दर्या मागं ऱ्हायला, पन ओकारी संगती आली. गांजा पन संगती आलावता ना, पन त्ये कुठं ध्यानात येतंय. उलट पोटात कसंतरी झालं का मी आजून ओढायचो, औषध म्हनून. खरं बरं वाटायचं त्ये गरम पान्यानं. चटके बसतील आसं पानी आंगावर पडलं का पोट सैल व्हायचं. कमळ टोपावर टोप तापवायची, मी मोरीत उकिडवा, ती पाठीवर वतत ऱ्हायची, वाफेनं हात लाल व्हायचा तिचा. डॉक्टरांनी दुर्बीन घातली, सोनोग्राफी केली, भगताचा अंगारा पन झाला, कुनाला काय सापडलं न्हाय.

मंग एका डॉक्टरीनबाईनं इचारलं, गरम पान्यानं बरं वाटतं का? मी बोललो, हो. लगेच दुसरा सवाल, गांजा ओढता का? मी बोललो, रोज. ती बोलली, वर्सानुवर्सं रोज ओढला का काय जनांचं पोट आसं उलटतं, सोडलात तर थांबंल, दुसरा इलाज न्हाय. बाहेर येऊन मी हसलो, बोललो, गांजानं तर ओकारी थांबते, सगळं जग सांगतंय, हिला काय कळतंय. कमळ तितंच बाकड्यावर बसली. बोलली, मी दर्याशी भांडले रे तुज्यापायी. बस, एवढंच. तरी मी ओढत ऱ्हायलो, तवा ती अर्नाळ्याला भावाकडं गेली. जाताना बोलली, आता पानी तूच तापव.

तापवलं की. ओकत ओकत गॅस पेटवायचा, टोप उचलून मोरीत न्यायचा. पन आपल्या पाठीवर आपला हात पुरत न्हाय, त्ये मना तवा कळलं. मंग सोडला गांजा. सोपं न्हाय गेलं, झोप येईना, आन्न जाईना, न् खरं बोलू, चिलीम म्हंजे माजी सोबत व्हती, ती पन गेली. पन ओकारी थांबली, आता तिकट कालवन खातो, काय व्हत न्हाय. होडीवर माज्या जागी भावाचा जावई हाय. यंदा पुनवेला उत्तनला जाऊन नारळ सोडून आलो, एकटाच.

कमळ फोन करते कदीमदी. बाकी काय इचारत न्हाय, आंगोळ कंच्या पान्यानं केलीस, एवढंच इचारते. मी सांगतो, थंड. ती बोलते, बरं, न् ठेवते. कदी कदी लय वाटतं, खोटं बोलावं, गरम पान्यानं केली म्हनावं, ती धावत येल, मना ठावं हाय. पन न्हाय बोलत. थंडच सांगतो. तितं अर्नाळ्याला सुखात ऱ्हावो ती.